प्रकल्प नोंदी: कॅनडातल्या सतरा व्यक्तींची चरित्रे मराठीत (मार्च ते मे २०२५)

३ मार्च २०२५

व्याप्ती पक्की केली. सतरा व्यक्ती, प्रत्येकी ३५० ते ४५० शब्द. क्रीडा: टेरी फॉक्स, टॉम लाँगबोट, मोरिस रिशार, वेन ग्रेट्झ्की, क्रिस्टीन सिंक्लेअर. सार्वजनिक जीवन: व्हायोला डेस्मंड, ॲग्नेस मॅकफेल, एमिली मर्फी, टॉमी डग्लस, रने लेवेक, नॉर्मन बेथ्यून. कला: केनोजुआक अशेवाक, एमिली कार, टॉम थॉमसन, ग्लेन गूल्ड, ॲलिस मन्रो, रोहिंटन मिस्त्री.

प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर सहा रकाने. नाव, जन्म, मृत्यू, ठिकाण (तेव्हाचे आणि आताचे), कार्य, आणि सहावा रकाना ‘कुंपण’. नोंदीत ‘पहिला’, ‘पहिली’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ यांपैकी एकही शब्द आला की त्याला कुंपण घालायचे. कोणत्या गटात पहिला, कोणत्या प्रदेशात, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नेमके काय मोजून. या चारपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही तरी ‘पहिला’ शब्द काढायचा आणि घडलेली गोष्ट तेवढी ठेवायची. छोट्या चरित्रात जागा कमी असते, म्हणून लिहिणारा विशेषणावर भागवतो. विशेषण चुकले की त्या माणसाने केलेले खरे कामही वाचकाच्या नजरेतून उतरते. हे होऊ द्यायचे नाही.

पडताळणीची रीत: प्रत्येक तारखेला दोन आधार. एक त्या काळातला (वृत्तपत्र, न्यायालयाचा निकाल, सरकारी राजपत्र), दुसरा नंतरचा. दोन कोशांत एकच वाक्य जवळपास तसेच असेल तर ते दोन धरायचे नाहीत, एकाने दुसऱ्याचे उचलले आहे असे समजायचे.

६ मार्च

नावांचे लेखन. इंग्रजी स्पेलिंग पाहून देवनागरी करायची नाही, त्या माणसाच्या घरात नाव जसे म्हटले जाई तसे लिहायचे. मॉन्ट्रियलचा आइस हॉकीपटू ‘मॉरिस रिचर्ड’ नव्हे, मोरिस रिशार. रने लेवेकच्या आडनावात ‘स’ लिहिलेला असतो, पण म्हणत नाहीत. शोधणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून ‘रिचर्ड, मॉरिस’ असा एक रिकामा शीर्षशब्द ठेवून तिथून ‘रिशार’कडे पाठवायचे. प्रांताचे नाव मात्र क्वेबेकच ठेवले. मराठी वर्तमानपत्रांत ते रुळलेले आहे आणि मूळ उच्चाराच्या हट्टापायी वाचकाला नकाशावर ठिकाण सापडेनासे होणे बरे नाही.

वर्णानुक्रम आडनावाने. अपवाद केनोजुआकचा, तिची नोंद ‘के’खाली. इनुइट या उत्तर ध्रुवाजवळच्या मूलनिवासी लोकांत आडनावाची पद्धत नव्हती. १९४० च्या दशकापासून सरकारने प्रत्येकाला क्रमांकाची चकती दिली, आणि १९७० च्या आसपास आडनावे नोंदवून घेतली. अशेवाक हे तिच्या पतीकडचे नाव. चित्रांखाली सही ‘केनोजुआक’ एवढीच असते. जुन्या सूचीत नावापुढे चकतीचा क्रमांक दिसला तर तो ओळख पटवायला वापरावा, नोंदीत घेऊ नये. माणसाला क्रमांकाने ओळखण्याची ती पद्धत होती. तिचा उल्लेख पद्धत म्हणून करावा, नावाचा भाग म्हणून नाही.

११ मार्च

टॉम लाँगबोट. कच्च्या भाषांतरात दोन घोर चुका सापडल्या, आणि त्या यापुढेही येत राहणार, म्हणून सविस्तर.

पहिली: ‘भारतीय धावपटू’. मूळ मजकुरात ‘इंडियन’ म्हणजे कॅनडातला मूलनिवासी. लाँगबोट ओनोंडागा समाजाचा, ऑन्टॅरिओतल्या ब्रँटफर्ड शहराजवळच्या सिक्स नेशन्स वसाहतीतला. मराठीत ‘भारतीय’ छापले तर वाचक त्याला पंजाबी नाहीतर गुजराती समजेल. सर्वत्र ‘मूलनिवासी’ आणि पुढे समाजाचे नेमके नाव. कायद्याचे नाव ‘इंडियन ॲक्ट’ असेच ठेवायचे, भाषांतर नको.

दुसरी: ‘आरक्षणात जन्म’. आपल्याकडे आरक्षण म्हणजे नोकरी-शिक्षणातल्या राखीव जागा. इथे अर्थ आहे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेली जमीन. ‘राखीव वसाहत’ हा शब्द ठरला.

जन्मतारीख: बहुतेक ठिकाणी ४ जुलै १८८६, काही ठिकाणी ४ जून १८८७. दोन्ही द्यायच्या, आधी जिला जास्त आधार ती. नुसत्या अंकांत लिहिलेल्या तारखांबद्दल सावध राहावे. कॅनडात दिवस आधी आणि महिना आधी अशा दोन्ही पद्धती चालतात. ४/७ आणि ७/४ यांचा घोळ टाळायला महिना नेहमी अक्षरात.

१९ एप्रिल १९०७, बोस्टन मॅरेथॉन: २ तास २४ मिनिटे २४ सेकंद. आधीचा विक्रम जवळपास ५ मिनिटांनी मोडला. पण तेव्हा बोस्टनची शर्यत सुमारे २४.५ मैलांची, म्हणजे ३९ किलोमीटरच्या थोडी वर होती. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आले, नियम म्हणून १९२१ मध्ये ठरले आणि बोस्टनचा मार्ग १९२४ मध्ये वाढवला गेला. त्यामुळे ही वेळ आजच्या वेळांच्या तक्त्यात बसवायची नाही. नोंदीत वेग द्यावा, किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद. तो आजही वाचणाऱ्याला कळतो.

वृत्तपत्रांतली विशेषणे उचलू नयेत. तेव्हाचे वार्ताहर त्याला आळशी म्हणत, कारण तो एक दिवस कसून धावे आणि दुसऱ्या दिवशी हलके चाले. कडक सराव आणि विश्रांती आलटून पालटून घेणे ही आज प्रशिक्षकांची नेहमीची पद्धत आहे. त्या काळचा शब्द जसाच्या तसा उतरवला तर शंभर वर्षांपूर्वीचा अन्याय आपण मराठीत नव्याने करू. ‘आळशी’ हा शब्द अवतरणात, कोण म्हणत होते ते सांगून, आणि लगेच पुढे सरावाची पद्धत.

१४ मार्च

टेरी फॉक्स. जन्म २८ जुलै १९५८, विनिपेग. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम इथे. हाडांच्या कर्करोगामुळे मार्च १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर कापला. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी धावायला सुरुवात. १ सप्टेंबरला ऑन्टॅरिओतल्या थंडर बे जवळ थांबला, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. मृत्यू २८ जून १९८१, वय २२.

आकडे जुळवून पाहिले. १२ एप्रिल ते १ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून: एप्रिल १९, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर १, एकूण १४३. जुळले. अंतर ५,३७३ किलोमीटर. भागिले १४३ केले तर दिवसाला सरासरी ३७.६ किलोमीटर येते. बहुतेक लेखांत ‘तो दररोज ४२ किलोमीटर धावला’ असे असते. तसे असते तर एकूण ६,००० च्या वर गेले असते. दिवसाला मॅरेथॉनइतके, म्हणजे २६ मैल, हे त्याने ठरवलेले उद्दिष्ट होते आणि कित्येक दिवशी त्याने ते गाठले. १४३ दिवसांच्या हिशेबात सुरुवातीचे वादळवाऱ्याचे आणि अडखळलेले दिवसही येतात. नोंदीत उद्दिष्ट आणि सरासरी वेगवेगळी लिहायची. एका कृत्रिम पायावर सरासरी ३७.६ किलोमीटर हा आकडा पुरेसा आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही.

‘कॅनडा धावत पार केला’ हे वाक्य काढले. सहा प्रांत ओलांडून तो साधारण दोन-तृतीयांश वाटेवर थांबला.

धावण्याची चाल: कृत्रिम पायावर एक पाऊल, मग चांगल्या पायावर दोन ठेके. दुसरा ठेका अशासाठी की कृत्रिम पायातली स्प्रिंग पुन्हा जागेवर यायला तेवढा वेळ लागे. ‘लंगडत धावत होता’ असे लिहू नये. लंगडणे आणि ही चाल यांत फरक आहे. इथे यंत्राच्या गतीशी शरीराने जुळवून घेतले आहे.

निधी: फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४१७ कोटी डॉलर, म्हणजे कॅनडातल्या माणशी एक डॉलर. ‘दशलक्ष’ की ‘कोटी’ यावर निर्णय: सर्व नोंदींत लाख-कोटी. २४.१७ दशलक्ष वाचताना मराठी वाचक थबकतो.

१९ मार्च

व्हायोला डेस्मंड, कृष्णवर्णीय व्यावसायिक. या संचातली सर्वांत जास्त वेळ घेणारी नोंद. इथे कायदा, पैशांचा हिशेब आणि शब्दांचा अर्थ, तिन्ही ठिकाणी पाय घसरतो.

क्रम असा. जन्म ६ जुलै १९१४, हॅलिफॅक्स. स्वतःचे केशभूषेचे दुकान, पुढे सौंदर्यप्रसाधनाचे शिक्षण देणारी शाळा आणि स्वतःच्या नावाची उत्पादने. ८ नोव्हेंबर १९४६ रोजी धंद्याच्या कामाने सिडनीकडे निघाली असता न्यू ग्लासगो गावात गाडी बिघडली. (हे सिडनी नोव्हा स्कोशिया प्रांतातले. कच्च्या खर्ड्यात ऑस्ट्रेलिया आले होते.) दुरुस्तीला वेळ होता म्हणून रोझलँड चित्रपटगृहात गेली. दूरचे स्पष्ट दिसत नसे म्हणून खालच्या मजल्यावर बसली. तिथे कृष्णवर्णीयांना वरच्या बाल्कनीचेच तिकीट देत. उठायला नकार दिला, ओढून बाहेर काढले, रात्र कोठडीत गेली, दुसऱ्या दिवशी वकिलाविना खटला.

आता हिशेब. बाल्कनीचे तिकीट ३० सेंट, त्यात करमणूक कर २ सेंट. खालचे ४० सेंट, त्यात कर ३ सेंट. आरोप एका सेंटचा कर बुडवल्याचा. फरकाचे पैसे द्यायला ती तयार होती, ते घेतले नाहीत. दंड २० डॉलर आणि खर्च ६ डॉलर, एकूण २६. काही ठिकाणी २० आणि काही ठिकाणी २६ दिसते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त काय धरले ते सांगायला हवे.

‘वंशभेदाच्या कायद्याखाली शिक्षा’ असे लिहिणे चूक. प्रांतात असा कायदाच नव्हता, आणि याच गोष्टीमुळे हा खटला महत्त्वाचा आहे. बसण्याची वर्णभेदी व्यवस्था हा चित्रपटगृहाचा रिवाज होता, आणि तो राबवायला करमणूक कराचा कायदा वापरला. न्यायालयाच्या कागदावर वर्णाचा उल्लेखही नाही. १९४७ मधली दाद प्रक्रियेच्या मुद्द्यावर फेटाळली गेली. वाचकाला हे उलगडून सांगितले नाही तर एका सेंटची गोष्ट नुसती चमत्कारिक वाटते. म्हणून या नोंदीला शब्दमर्यादा ६०० केली.

‘माफी’ हा शब्द. १५ एप्रिल २०१० रोजी प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर मेअन फ्रान्सिस यांनी मरणोत्तर ‘फ्री पार्डन’वर सही केली. मराठीत ‘माफी’ म्हटले की गुन्हा झाला होता आणि तो पोटात घातला असा अर्थ निघतो. इथे अर्थ उलट आहे: शिक्षा मुळातच चुकीची होती, गुन्हा घडलाच नव्हता. ‘दोषमुक्ती’ शब्द घेतला. कुंपण: कॅनडात मृत्यूनंतर अशा प्रकारे दोषमुक्त झालेली पहिली व्यक्ती.

‘कॅनडाची रोझा पार्क्स’ हे शीर्षक काढले. पार्क्सने अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार दिला ती घटना १ डिसेंबर १९५५ ची, ही नऊ वर्षे आधीची. नंतरच्या घटनेवरून आधीच्या माणसाला नाव देणे हा कालक्रमाचा दोष आहे, शिवाय दोन्ही प्रसंगांतला कायदाही वेगळा.

१० डॉलरची उभी नोट ८ मार्च २०१८ ला जाहीर, १९ नोव्हेंबर २०१८ ला चलनात. कुंपण: नेहमीच्या चलनातल्या नोटेवर एकटीचे चित्र असलेली पहिली कॅनेडियन स्त्री. राणीचे चित्र आधीपासून होते, म्हणून ‘कॅनेडियन’ शब्द गाळता येत नाही. ‘एकटीचे’ हाही नाही, कारण २००४ च्या ५० डॉलरच्या नोटेवर पाच स्त्रिया होत्या. त्यांपैकी एमिली मर्फी आपल्या यादीत आहे.

२५ मार्च

सार्वजनिक जीवनातल्या उरलेल्या पाचांपैकी चार नोंदी, बेथ्यूनची पुढे.

‘प्रीमियर’ म्हणजे प्रांताचा प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. फ्रेंचमध्ये देशाच्या आणि प्रांताच्या प्रमुखाला एकच शब्द, त्यामुळे फ्रेंच मजकुरावरून केलेल्या खर्ड्यात रने लेवेक ‘क्वेबेकचे पंतप्रधान’ झाले होते. ते १९७६ ते १९८५ प्रीमियर होते. जन्मस्थानही तपासावे: वाढले क्वेबेकमधल्या न्यू कार्लाइलला, पण जन्म २४ ऑगस्ट १९२२ रोजी शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेल्टनच्या रुग्णालयात. ‘रायडिंग’ म्हणजे मतदारसंघ, घोडेस्वारी नव्हे.

सन्मानाची अक्षरे. ऑर्डर ऑफ कॅनडा १९६७ मध्ये सुरू झाला. कम्पॅनियन, ऑफिसर, मेंबर या आजच्या तीन पायऱ्या १९७२ पासूनच्या. मेंबरच्या नावापुढे ‘सी.एम.’ लिहितात. मराठीत सी.एम. म्हणजे मुख्यमंत्री, दुसरे कोणी वाचणार नाही. अक्षरे पूर्ण वगळायची, पायरीचे नाव लिहायचे.

टॉमी डग्लस. ‘सस्कॅचेवानचे प्रीमियर असताना त्यांनी सर्वांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला’ हे वाक्य जवळजवळ सगळीकडे आहे, आणि अपुरे आहे. १९४४ मध्ये प्रीमियर झाले. रुग्णालयाच्या खर्चाचा विमा १९४७ मध्ये सुरू झाला, तो त्यांच्याच काळात. डॉक्टरांच्या सेवेचा विमा, ज्याला मेडिकेअर म्हणतात, त्याची आखणी त्यांची. पण नोव्हेंबर १९६१ मध्ये ते नव्या राष्ट्रीय पक्षाचे नेतृत्व करायला ओटावाला गेले आणि वूड्रो लॉइड प्रीमियर झाले. कायदा त्याच महिन्यात मंजूर झाला, अंमल १ जुलै १९६२ पासून. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. २३ दिवसांनी, २३ जुलैला, सॅस्काटून इथे तडजोड झाली. संपाचा सगळा भार लॉइड यांनी पेलला. त्यांचे नाव गाळून डग्लस मोठे होत नाहीत. नोंदीत लॉइड यांना पूर्ण परिच्छेद दिला. संघराज्याचा कायदा १९६६ चा. अमेरिकेतल्या, मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेल्या मेडिकेअरशी गल्लत होऊ नये म्हणून पहिल्याच उल्लेखात एक वाक्य.

ॲग्नेस मॅकफेल: १९२१ मध्ये संसदेत निवडून आली. कुंपण: संघराज्याच्या संसदेतली पहिली स्त्री. ‘कॅनडातली पहिली निवडून आलेली स्त्री’ म्हणता येत नाही. आल्बर्टाच्या विधिमंडळात लुइस मॅकिनी १९१७ मध्येच होती.

एमिली मर्फी आणि ‘पर्सन्स’ खटला. भाषेचा गमतीदार पेच: मराठीत ‘व्यक्ती’ शब्द मुळातच स्त्रीलिंगी. ‘स्त्रिया व्यक्ती आहेत का, असा प्रश्न न्यायालयात आला’ हे वाक्य मराठीत अर्थशून्य वाटते. खरा प्रश्न होता १८६७ च्या राज्यघटनेच्या कलम २४ मधल्या ‘पात्र व्यक्ती’ या शब्दांत स्त्रिया येतात का, म्हणजे त्यांची सिनेटवर नेमणूक होऊ शकते का. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९२८ रोजी नाही म्हटले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८ ऑक्टोबर १९२९ रोजी हो. प्रिव्ही कौन्सिल आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाची अपिलेही तिथेच जात. पुढच्या वर्षी सिनेटवर स्त्रीची पहिली नेमणूक झाली ती केअरिन विल्सनची. मर्फीची कधीच झाली नाही. आल्बर्टाच्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याला मर्फीने दिलेला पाठिंबाही नोंदीत हवा. तो मूळ परिच्छेदात, तळटीपेत ढकलायचा नाही.

२ एप्रिल

केनोजुआक अशेवाक. जन्म १९२७, बॅफिन बेटाच्या दक्षिणेकडच्या एका तळावर. मृत्यू ८ जानेवारी २०१३. ठिकाणाच्या रकान्यात तीन थर. तिचा जन्म झाला तेव्हा तो भाग नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये होता, १ एप्रिल १९९९ पासून नुनावुत. गावाचे नाव केप डॉर्सेट, २०२० पासून अधिकृतपणे किन्गाइत. इनुक्टिटुट भाषेत ते आधीपासून किन्गाइतच होते. मराठी माणसाला हे पटकन कळेल: आपण बोलताना मुंबईच म्हणत आलो, फलक १९९५ नंतर बदलले. याच न्यायाने मिस्त्रींच्या नोंदीत जन्मस्थान नुसते ‘मुंबई’, ‘तेव्हाचे बॉम्बे’ नको.

तंत्राचा शब्द. तिचे ‘मंतरलेले घुबड’ हे १९६० चे चित्र, १९७० मध्ये टपाल तिकिटावर आले. तंत्र ‘स्टोनकट’. खर्ड्यात ‘शिलामुद्रण’ लिहिले होते, ते पूर्ण चूक. आपल्याकडे शिलामुद्रण म्हणजे शिळाप्रेस, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पोथ्या ज्यावर छापल्या ते. त्यात दगड सपाटच राहतो आणि तेलकट शाई व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर छपाई होते. स्टोनकटमध्ये चित्राचा भाग ठेवून बाकीचा दगड कोरून काढतात, उरलेल्या उंच भागावर शाई लावतात, वर पातळ जपानी कागद ठेवून हाताने दाबतात. लाकडी ठशासारखेच, फक्त लाकडाच्या जागी दगड. ‘दगडी ठसा’ हा शब्द घेतला.

या पद्धतीत रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा बहुधा तिसरा. ‘केनोजुआकने कोरलेले घुबड’ लिहू नये, रेखाटन तिचे. आवृत्ती ५० प्रतींची, त्यांत २५ लाल-काळ्या आणि २५ हिरव्या-काळ्या. म्हणून दोन रंगांतली चित्रे समोर आली तर एक नक्कल आहे असे समजू नये.

७ एप्रिल

आइस हॉकीपटू ग्रेट्झ्कीची नोंद काल रात्रीपर्यंत तयार होती. ६ एप्रिलला अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५ वा गोल केला आणि ‘सर्वाधिक गोल’ हे वाक्य जुने झाले. कुंपणाचा रकाना इथे कामी आला: त्यात ‘एनएचएल, साखळी सामने, ५ एप्रिल २०२५ पर्यंत’ असे आधीच होते (एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची प्रमुख लीग), तेवढीच ओळ बदलली.

आता नोंदीत: १,४८७ सामने, ८९४ गोल, १,९६३ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार), एकूण २,८५७. बेरीज बरोबर. हे फक्त एनएचएलच्या साखळी सामन्यांचे. बाद फेरीतले १२२ गोल वेगळे, आणि डब्ल्यूएचए या दुसऱ्या लीगमधले त्याहून वेगळे. तिन्हींची बेरीज करून कुठला तरी चौथा आकडा तयार करू नये. ‘पॉइंट’ला ‘गुण’ म्हटले तर वाचक संघाचे गुण समजतो. ‘गोल आणि असिस्ट मिळून’ असे लिहावे. नुसते १,९६३ असिस्टच दुसऱ्या कुठल्याही खेळाडूच्या गोल-असिस्टच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत, ही गोष्ट गोलांच्या विक्रमाहून कितीतरी बोलकी आहे. नोंदीची सुरुवात आता तिथून.

पहिल्या उल्लेखात ‘आइस हॉकी’ लिहायचे, नाहीतर आपला वाचक ध्यानचंदांचे मैदान डोळ्यांसमोर आणतो. चेंडू नव्हे, पक, म्हणजे रबराची चपटी चकती.

रिशार: १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल, कारकिर्दीत ५४४. १७ मार्च १९५५ ची मॉन्ट्रियलची दंगल समजावताना नुसती रिशारच्या निलंबनाची बातमी पुरत नाही. लीगचे अध्यक्ष इंग्रजीभाषक, शहरातले कारखाने आणि बँका इंग्रजीभाषकांच्या हाती, प्रेक्षक फ्रेंचभाषक कामगार. दोन वाक्यांत हे सांगावे, त्याहून जास्त नको. सिंक्लेअर: १९० आंतरराष्ट्रीय गोल, स्त्री-पुरुष दोन्ही फुटबॉल मिळून सर्वाधिक. कुंपणात तारीख.

१५ एप्रिल

नॉर्मन बेथ्यून, शल्यचिकित्सक. मराठी वाचकाला हे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे माहीत असते, म्हणून चूक होण्याची शक्यताही इथेच. ‘कोटणीसांनी बेथ्यूनबरोबर काम केले’ असे सर्रास लिहिले जाते. दोघांची भेट झाली नाही.

तारखा शेजारी मांडल्या. बेथ्यून: जन्म ४ मार्च १८९०, ग्रेव्हनहर्स्ट, ऑन्टॅरिओ. १९३६ अखेर स्पेनमध्ये, तिथे रक्त गोळा करून आघाडीपर्यंत नेण्याची फिरती व्यवस्था. १९३८ मध्ये चीन. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, मृत्यू १२ नोव्हेंबर १९३९. कोटणीस: जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १९३९ च्या सुरुवातीला येनान या चिनी कम्युनिस्टांच्या तळावर पोहोचले, बेथ्यून तेव्हा दूर आघाडीवर. कोटणीस त्या आघाडीच्या प्रदेशात गेले १९४० मध्ये. नंतर बेथ्यूनच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. मृत्यू ९ डिसेंबर १९४२. दोघांच्या समाध्या शिजियाच्वांगच्या हुतात्मा दफनभूमीत आहेत.

नोंदीत वाक्य असे: ‘बेथ्यूनच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या डॉक्टरने वाहिली.’ भेट न होताही एकाचे काम दुसऱ्याने पुढे नेले, ते सांगायला खोट्या भेटीची गरज नाही.

२२ एप्रिल

नागरिकत्व. कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९४७ पासून. त्याआधी सगळे ब्रिटिश प्रजाजन. बेथ्यून (मृत्यू १९३९), एमिली कार (१९४५), थॉमसन (१९१७) यांच्या नोंदींतून ‘नागरिकत्व: कॅनडा’ काढून ‘कॅनडात जन्म’ केले.

ॲलिस मन्रो, २०१३ चे साहित्याचे नोबेल. ‘पहिली कॅनेडियन’ म्हणायला कुंपण लागते: १९७६ चे नोबेल मिळालेले सॉल बेलो क्वेबेकमधल्या लाशिनला जन्मले होते, पण लहानपणीच शिकागोला गेले आणि पारितोषिक अमेरिकन लेखक म्हणून मिळाले. मजकूर: ‘कॅनडाची नागरिक म्हणून आणि कॅनडात राहून लिहिणारी पहिली’.

मन्रोच्या मृत्यूनंतर (१३ मे २०२४) दोन महिन्यांनी तिच्या एका मुलीने जाहीर लेख लिहिला: बालपणी सावत्र वडिलांनी लैंगिक अत्याचार केले, आणि ते कळल्यावरही आई त्यांच्याबरोबरच राहिली. सावत्र वडिलांनी २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. हे नोंदीत घ्यायचे, चार सरळ वाक्यांत, मुलीचे नाव न देता. कथांचा अर्थ यावरून नव्याने लावण्याचा उद्योग नोंदीत नको. तो समीक्षकांचा. पण गाळायचे मात्र नाही. कथांबद्दल आदर आहे म्हणून त्या मुलीने सोसलेले झाकणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

२९ एप्रिल

थॉमसन ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या कॅनडातल्या निसर्गचित्रकारांच्या गटाचा सदस्य नव्हता. तो जुलै १९१७ मध्ये कॅनू लेकवर बुडाला, गट १९२० मध्ये स्थापन झाला. गटावरचा त्याचा प्रभाव लिहावा, सदस्यत्व नाही. एमिली कारही सदस्य नव्हती. गटातल्या चित्रकारांशी तिची भेट १९२७ मध्ये झाली.

गूल्ड, पियानोवादक: बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे ध्वनिमुद्रण जून १९५५, तबकडी बाजारात १९५६. दोन्ही वर्षे लिहावीत. १९८१ चे ध्वनिमुद्रण ५१ मिनिटांचे, पहिले ३८ मिनिटांचे. यावरून ‘संथ झाला’ एवढेच म्हणू नये. नंतरच्या वेळी काही भागांची पुनरावृत्ती त्याने वाजवली, पहिल्यांदा वाजवली नव्हती. वाढलेल्या १३ मिनिटांत तीही आहे.

६ मे

चित्रे. कॅनडात प्रताधिकाराची मुदत २०२२ अखेर मृत्यूनंतर ५० वरून ७० वर्षे झाली, पण १९७२ पूर्वी वारलेल्यांची कामे पुन्हा बंद झाली नाहीत. भारतात ६० वर्षे. कार आणि थॉमसन यांची चित्रे दोन्हीकडे मोकळी. केनोजुआकची नाहीत, तिच्या नोंदीला चित्राऐवजी दगडी ठशाच्या चार पायऱ्यांचे रेखाटन आपणच करायचे.

टेरी फॉक्सचे निवडलेले छायाचित्र परत पाठवले. त्यात कृत्रिम पाय डावीकडे दिसतो, म्हणजे पट्टी उलटी छापली गेली आहे. सदऱ्यावरची अक्षरे चुरगळलेली असल्याने हे पटकन ध्यानात येत नाही. उजवा पाय. चित्रतळाशीही तसे लिहायचे.